हॉट वॉटर बॉयलर सुरक्षित कसा चालवावा: नव्या ऑपरेटरसाठी

वसतिगृह, हॉटेल, इस्पितळ, मंगल कार्यालय, जिथे रोज सकाळी दोन-पाच हजार लिटर गरम पाणी लागतं, तिथे मागच्या खोलीत हा बॉयलर असतो. वाफेचा नव्हे, नुसत्या गरम पाण्याचा. बहुतेक ठिकाणी तो सांभाळायला वेगळा माणूस नेमलेला नसतो. वॉचमन, प्लंबर किंवा मेंटेनन्सच्या पोराला "हे बटण दाबायचं, हे बंद करायचं" एवढं दाखवून किल्ली हातात दिली जाते. हा लेख त्या किल्लीवाल्यासाठी आहे. मुख्य विषय डिझेल किंवा गॅसवर चालणारा, ताशी १ लाख किलोकॅलरीच्या आसपासचा बॉयलर. लाकडावरच्या बॉयलरचे नियम काही बाबतींत उलटे आहेत, ते वेगळे दिले आहेत.

आधी कायद्याचं एक सांगायला हवं. १९२३चा भारतीय बॉयलर कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०२५चा कायदा, दोन्हींच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा लहान, १ किलोपेक्षा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा) कमी दाबाची किंवा पाणी १०० अंशांच्या खालीच तापवणारी भांडी वगळली आहेत, तिन्हींपैकी एक अट पुरते. म्हणजे तुमचा बॉयलर ८० अंशांवर चालत असेल तर बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक तो तपासायला येणार नाही, आणि तुमच्याकडे परवानाधारक ऑपरेटरचं प्रमाणपत्रही कुणी मागणार नाही. मालकाला यात सोय वाटते. ऑपरेटरने याचा अर्थ असा घ्यावा की सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय की चालतोय, हे बघणारं त्याच्याशिवाय दुसरं कुणी नाही. शिवाय ही सूट पाणी १०० अंशांच्या आत आहे तोवरचीच. थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी त्याच्या वर गेलं की त्या भांड्याचा वाफेचा बॉयलर होतो, फक्त वाफेच्या बॉयलरला असतात तशी उपकरणं त्याला नसतात.

धोका नेमका कशात आहे

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, जादा उष्णता वाफ होऊन निघून जाते. बंद भांड्यात दाब वाढतो आणि पाणी न उकळता तापत राहतं. ३ किलो दाबाला ते १४३ अंशांपर्यंत पाणीच राहतं. अशा वेळी शेल, म्हणजे बॉयलरचं लोखंडी कवच, फाटलं किंवा एखादा मोठा जोड निसटला तर दाब क्षणात शून्यावर येतो आणि त्या पाण्यातला आठेक टक्के भाग तिथल्या तिथे वाफ होतो. ५०० लिटरच्या बॉयलरमधून साधारण ३७ किलो वाफ, म्हणजे ६० घनमीटर. वीस चौरस मीटरची, तीन मीटर उंचीची अख्खी खोली भरेल एवढी वाफ एका क्षणात जागा मागते. भिंती पडतात त्या यामुळे, डिझेलमुळे नव्हे.

दुसरं कारण साधं आहे. पाणी तापलं की फुगतं. यंत्रणेत १००० लिटर पाणी असेल तर २५ वरून ८० अंशांवर जाताना ते सुमारे २६ लिटरने वाढतं. पाणी दाबता येत नाही, त्यामुळे या दीड-दोन बादल्यांना जागा मिळाली नाही तर ते लोखंड ढकलतं. पुढे येणारे निम्मे नियम या २६ लिटरांसाठी आहेत.

खोलीत काय काय आहे ते ओळखा

पहिल्या दिवशी बॉयलर चालू करायच्या आधी एक फेरी मारा आणि पुढच्या गोष्टींवर बोट ठेवता येतं का बघा. ठेवता आलं नाही तर ज्याने बसवला त्याला बोलवा.

बर्नर पुढच्या बाजूला असतो. त्यात पंखा, डिझेलचा पंप, तेल फवारणारं नॉझल, ठिणगी देणारे इलेक्ट्रोड आणि जाळ पाहणारा फोटोसेल. फोटोसेल म्हणजे बर्नरचा डोळा. जाळ दिसला नाही की तो तेल बंद करतो. बर्नरवरचं लाल दिव्याचं बटण हे रिसेट.

थर्मोस्टॅट दोन असतात आणि नवा माणूस हमखास गोंधळतो. एक रोजचा, फिरवता येणारा. तो पाणी ठरलेल्या तापमानाला आलं की बर्नर थांबवतो आणि थंड झालं की आपोआप पुन्हा चालू करतो. दुसरा लिमिट थर्मोस्टॅट, ९५ अंशांच्या आसपास ठेवलेला. तो एकदा पडला की स्वतःहून उठत नाही, टोपी काढून बटण दाबावं लागतं. ही गैरसोय मुद्दाम केलेली आहे. लिमिट पडला याचा अर्थ पहिला थर्मोस्टॅट, पंप किंवा पाण्याचा प्रवाह, यांतलं काहीतरी बिघडलं आहे.

सेफ्टी व्हॉल्व्ह बॉयलरच्या माथ्यावर, पितळी, टोकाला तरफ किंवा फिरती टोपी असलेला. त्याच्या पट्टीवर दाब कोरलेला असतो, या आकाराच्या बॉयलरला बहुधा ३ किलो. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कोणताही कॉक नसला पाहिजे, आणि त्याच्या सोडणाऱ्या पाइपलाही नाही. तो पाइप व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नको. खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर, डोळ्यांना दिसेल असा सोडलेला हवा. तो भिंतीतून थेट गटारात नेला असेल तर व्हॉल्व्ह गळतोय हे तुम्हाला महिनोन्महिने कळणार नाही.

एक्सपान्शन टाकी म्हणजे त्या २६ लिटरांची जागा. खुल्या यंत्रणेत ती गच्चीवर, सगळ्यात उंच पाइपाच्याही वर असते, आणि बॉयलरमधून निघालेला व्हेंट पाइप (वाफ आणि जादा पाणी सोडणारा) तिच्या तोंडावर वाकवून सोडलेला असतो. बंद यंत्रणेत लाल रंगाचं एक गोल भांडं असतं. आत रबरी पिशवी, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा.

बाकी पाणी फिरवणारा सर्क्युलेशन पंप, त्याच्या आधीचा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी), पाणी फिरायचं थांबलं की बर्नर थांबवणारा फ्लो स्विच किंवा कमी पाण्याला बर्नर थांबवणारा फ्लोट, दाबाचं गेज, जाताना-येतानाच्या पाइपांवरचे दोन थर्मामीटर आणि तळाचा ड्रेन कॉक. मोठ्या ठिकाणी बॉयलरचं पाणी थेट नळाला जात नाही, ते कॉइलमधून फिरतं आणि साठवण टाकीतलं वापराचं पाणी तापवतं. ही रचना चांगली, कारण बॉयलरमध्ये तेच तेच पाणी फिरतं आणि क्षार नव्याने येत नाहीत.

गेजवर किती दिसायला हवं

"पारा बरोबर आहे ना?" याचं उत्तर इमारतीच्या उंचीवर ठरतं, म्हणून एकदा हिशोब करून गेजशेजारी रंगाने लिहून ठेवा. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे १ किलो. बॉयलरपासून सगळ्यात उंच पाइप १४ मीटरवर असेल तर नुसत्या उंचीचाच दाब १.४ किलो. लाल भांड्यात हवा तेवढीच, १.४ किलो भरायची, पण भांड्याची पाण्याची बाजू रिकामी असताना. मग थंड यंत्रणेत पाणी १.७ किलोपर्यंत भरायचं. तापल्यावर ते २.२ ते २.५ पर्यंत चढेल. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ ला. खालचा आणि वरचा आकडा यांत ही फट राहिली की यंत्रणा नीट आहे.

आता नेहमी होणारा बिघाड. रबरी पिशवी फाटते किंवा हवा हळूहळू निघून जाते. फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. सकाळी बर्नर लागला की काटा सरसर ३ वर जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह थोडं पाणी सोडतो, संध्याकाळी थंड झाल्यावर काटा ०.५ वर. ऑपरेटर दाब कमी दिसला म्हणून कॉक उघडून पाणी भरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला वाटतं कुठेतरी गळती आहे, आणि शोधूनही सापडत नाही. रोज भरलेल्या या ताज्या पाण्याबरोबर क्षार आणि प्राणवायू आत जातात. एका बाजूने बॉयलरच्या आतल्या नळ्यांवर थर, दुसऱ्या बाजूने गंज. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवरही (तो जिथे टेकून बंद होतो तिथे) क्षार साचून तो कायमचा ठिबकायला लागतो. मग कुणीतरी हुशार माणूस त्याच्या पाइपाला प्लग मारतो, आणि त्या दिवसापासून तो बॉयलर बॉम्ब असतो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. लाल भांड्याच्या बुडाशी गाडीच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. टोपी काढून आतली पिन नखाने दाबा. हवा आली तर पिशवी शाबूत, दाब मोजून भरून घ्या. पाणी आलं तर पिशवी गेली, भांडं किंवा पिशवी बदला. काहीच आलं नाही तर हवा संपली आहे. या तपासणीला एक मिनिट लागतो, तरी याच बिघाडावर सेफ्टी व्हॉल्व्ह बदलण्याचे पैसे दोन-दोनदा खर्च झालेले दिसतात.

रोजची सुरुवात

१. दार उघडल्यावर दिव्याचं बटण दाबण्याआधी वास घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत, खड्ड्यात, ड्रेनच्या नाळीत साचतो. पाइपाने येणारा पीएनजी हलका, तो छताशी जातो. वास आला तर कोणतंही बटण चालू करू नका, बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. बाहेरचा मुख्य गॅस व्हॉल्व्ह बंद करा, दारं उघडी टाका, बाहेर थांबा.

२. फरशीवर बघा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपाखाली ओल, बर्नरखाली डिझेल, पंपाच्या सीलखाली थेंब.

३. थंड दाब वाचा, वहीत लिहा. लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर भरा, पण किती भरलं तेही लिहा. खुल्या यंत्रणेत गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे आणि बॉलकॉक चालतोय, याची खात्री गच्चीवर जाऊनच करायची.

४. बॉयलरचे जाणारे-येणारे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना बघा. दुरुस्तीला आलेला प्लंबर ते बंद करून विसरणं, हा अपघाताचा जुना रस्ता आहे.

५. हवा यायची जाळी मोकळी आहे ना? एक लिटर डिझेल नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. १ लाख किलोकॅलरीचा बर्नर तासाला १४ लिटर जाळतो, म्हणजे तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीतली सगळी हवा तासाला साडेचारपेक्षा जास्त वेळा. खोलीत जुन्या गाद्या रचून जाळी झाकली की धूर काळा होणारच. गरम होतं म्हणून बॉयलरच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन लावू नका. तो बर्नरची हवा ओढतो आणि चिमणीतला धूर उलटा खोलीत आणतो.

६. आधी पंप चालू. दोन मिनिटं थांबा, पंपाचा आवाज सारखा येतोय का ऐका. खळखळ येत असेल तर आत हवा अडकली आहे, ती एअर व्हेंटमधून सोडा.

७. मग बर्नर. तो लगेच पेटत नाही. १५ ते ३० सेकंद नुसता पंखा चालतो, आदल्या वेळचा गॅस किंवा तेलाची वाफ बाहेर काढतो. मग ठिणगी, मग जाळ. तेव्हा बर्नरच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा.

८. काचेतून जाळ बघा. डिझेलचा जाळ उजळ पिवळा, टोकाला धूर नसलेला, मागच्या भिंतीला न चाटणारा हवा. लालसर आणि धुरकट असेल तर हवा कमी आहे.

९. बॉयलरकडे परत येणारं पाणी ५५ अंशांवर जाईपर्यंत सगळा भार, म्हणजे गरम पाण्याचा सगळा वापर, एकदम टाकू नका. थंड पाणी परत येत राहिलं तर धुरातली वाफ आतल्या पत्र्यावर द्रव होते, डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल बनते, आणि बॉयलर धुराच्या बाजूने कुजतो. सुरुवातीला बॉयलरच्या तळाशी थोडं पाणी ठिबकलं तर ते बहुतेक हेच. तापल्यावर थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर नळी गळतेय.

किती तापवायचं

बॉयलरचं पाणी ७५ ते ८०, साठवण टाकी ६०, नळाला ४५ च्या आत. टाकी ६० च्या खाली ठेवून डिझेल वाचवायचा मोह प्रत्येक व्यवस्थापकाला होतो. पण लीजनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि वयस्कर किंवा आजारी माणसाला त्याचा न्यूमोनिया होतो. ६० ला तो टिकत नाही. इस्पितळात तर या आकड्यावर वाद घालू नये.

उलट बाजू अशी की ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, ७० अंशांचं सेकंदाच्या आत. लहान मुलांची त्याहूनही लवकर. म्हणून टाकी गरम आणि नळ कोमट, यांच्या मध्ये गरम पाण्यात थंड मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह हवाच. तो महिन्यातून एकदा तपासा. थंड पाणी बंद करा, नळाचं गरम पाणी काही क्षणांत जवळजवळ थांबलं पाहिजे. चालूच राहिलं तर व्हॉल्व्ह क्षारांनी अडकलाय.

हिशोबही एकदा करून ठेवा, बिघाड पकडायला उपयोगी पडतो. २००० लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला ७०,००० किलोकॅलरी लागतात. डिझेलच्या एका लिटरमधून, बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरून, सुमारे ७२०० मिळतात. म्हणजे पावणेदहा लिटर डिझेल आणि पाऊण तासापेक्षा थोडा कमी वेळ. एलपीजीवर साडेसात किलो. तेवढ्याच पाण्याला बारा लिटर लागू लागले तर काजळी, क्षार किंवा डिझेलची चोरी, तिघांपैकी कोणीतरी आहे.

बर्नर ट्रिप झाला तर

ट्रिप म्हणजे बर्नरने स्वतःहून बंद पडणं. लाल दिवा लागला की बोट आपोआप रिसेटकडे जातं. नियम असा: एकदा रिसेट, नाही पेटला तर दोन-तीन मिनिटं थांबून आणखी एकदा. तिसऱ्यांदा नाही. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं डिझेल भट्टीत फवारलं जातं. गरम भट्टीत त्याची वाफ होते, आणि पाचव्या प्रयत्नाला ठिणगी लागली की सगळं एकदम पेटतं. दार उडतं, चिमणीचा जोड निघतो. समोर वाकून काचेतून बघणाऱ्याचा चेहरा जळतो. गॅसच्या बाबतीत तर हवेत दोन टक्के एलपीजी मिसळला तरी स्फोटाला पुरतो.

दोन रिसेटनंतर कारणं या क्रमाने बघा: टाकीत डिझेल आहे का, फिल्टर तुंबलाय का, फोटोसेलवर काजळी बसलीय का (मऊ कापडाने पुसा), तेलाच्या पाइपात हवा शिरलीय का. टाकी पूर्ण संपवून पुन्हा भरली की हा शेवटचा प्रकार होतोच, पंपावरच्या स्क्रूमधून हवा काढावी लागते. इलेक्ट्रोड आणि नॉझलला हात घालायचा असेल तर आधी मेन स्विच बंद, नुसता पॅनलचा नव्हे. भट्टीत डिझेलचं थारोळं दिसलं तर ते पुसून, हवा खेळवून मगच पुढे.

फोटोसेलला बल्ब दाखवून किंवा वायर जोडून "बायपास" करणारे मेकॅनिक भेटतील. त्यांना खोलीच्या बाहेर काढा.

पाणी कमी झालं, किंवा काटा चढतच चालला

या दोन प्रसंगांत करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, त्या मिसळू नका.

पाणी कमी होऊन बॉयलर कोरडा तापला असेल, म्हणजे रंगाचा वास, पत्रा कडाडल्याचा आवाज, गेज शून्य, तर बर्नर आणि इंधन बंद करा आणि पाणी भरू नका. पंपही चालू करू नका. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी पडलं की त्याची तत्क्षणी वाफ होते आणि नळ्यांचे जोड तडकतात. पाच-सहा तास, हात लावता येईपर्यंत, थंड होऊ द्या. नंतर तपासल्याशिवाय पेटवू नका.

पाणी भरपूर आहे, पण तापमान ९५ च्या पुढे आणि काटा वर चाललाय, तर बर्नर बंद, इंधनाचा कॉक बंद, पंप मात्र चालू ठेवा, आणि साठवण टाकीचे गरम नळ मोकळे सोडायला सांगा म्हणजे उष्णता निघून जाईल. मिक्सिंग व्हॉल्व्ह नसेल तर आधी त्या नळांपासून माणसं दूर करा. थंड पाणी बॉयलरमध्ये मारायचं नाही आणि ड्रेन उघडायचा नाही. १०० च्या वर गेलेल्या पाण्याचा दाब झटक्यात कमी केला की ते आतल्या आत उसळतं. काटा ३ च्या वर जाऊनही सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला नसेल तर तिथे थांबायचं काही कारण उरत नाही. वीज बाहेरून तोडा आणि खोलीच्या आजूबाजूची माणसं हलवा.

लाकडाचा बॉयलर आणि गेलेली लाईट

लाईट गेली की डिझेलचा बर्नर विझतो, धोका आपोआप उतरतो. लाकडाचा जाळ विझत नाही. पंप थांबलेला, पाणी फिरत नाही, आणि भट्टीत दहा किलो निखारे. गावाकडच्या वसतिगृहांत, मंगल कार्यालयांत नेमकं हेच होतं. म्हणून लाकडाचा, भुशाचा किंवा ब्रिकेटचा (दाबून केलेल्या भुशाच्या विटांचा) बॉयलर खुल्याच यंत्रणेवर हवा: गच्चीवर टाकी, तिथपर्यंत सरळ चढत गेलेला व्हेंट पाइप, मध्ये एकही कॉक नाही. लाल भांडं लावून बंद केलेला लाकडाचा बॉयलर दिसला तर तो चालवायला नकार द्या.

लाईट गेल्यावर पुढची दारं घट्ट बंद करा, खालची राखेची खिडकी आणि चिमणीचं डँपर (धुराची झडप) जवळजवळ बंद करा. पूर्ण नको, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड खोलीत येईल. हवा तोडली की जाळ बसतो. भट्टीत पाणी ओतू नका, वाफेचा लोट तोंडावर येतो आणि पत्रा तडकतो. निखारे ओढायचेच झाले तर लांब दांड्याने, लोखंडी घमेल्यात, उघड्यावर. गच्चीवरून व्हेंटमधून गरम पाणी उसळणं हे अशा वेळी योग्यच आहे, त्याला घाबरून पाइपाला चिंधी कोंबू नका. थंडीच्या दिवसांत टाकीवर झाकण टाकताना व्हेंटही बांधून टाकणारे लोक असतात, तेवढं बघा.

आणि एकदम चार मोठे ओंडके घालू नका. शेवटचं जळण पाण्याची गरज संपायच्या तासभर आधी.

कार्बन मोनॉक्साइड

रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, आणि मग उठता न येणं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने होणारे मृत्यू याच वायूचे. बॉयलरच्या खोलीत झोपायचं नाही, ती कितीही उबदार असली तरी. चिमणीचे जोड, विशेषतः पहिला कोपरा, काजळीचे ओघळ दिसतात का ते दर आठवड्याला बघा. दोन-तीन हजारांचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म भिंतीवर लावून घ्या.

चिमणीकडे दिवसातून एकदा बाहेर जाऊन बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नॉझल खराब. तापल्यानंतरही पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे तेल न जळता जातंय. धुराचं तापमान दाखवणारा थर्मामीटर असेल तर बॉयलर साफ केल्याच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. त्यावर साधारण २२ अंश चढले की एक टक्का इंधन जास्त जातं. ४०-५० अंश चढले की ब्रश घेऊन नळ्या साफ करायची वेळ झाली.

पाणी कसलं घालता

सोलापूर-लातूरकडच्या बोअरचं पाणी असेल तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याची कठीणता काढणारं यंत्र, हवाच, आणि त्यात मीठ घातलंय का हे कुणीतरी बघायला हवं. सॉफ्टनरनंतरच्या पाण्याची कठीणता ५ पीपीएमच्या (दहा लाखांत ५ भागांच्या) आत असावी, तपासणीचं किट थेंब मोजण्याइतकं सोपं असतं. नळ्यांवर क्षारांचा थर बसला की त्याखाली पाणी अडकून उकळतं आणि बॉयलर किटलीसारखा गुरगुरतो. हा आवाज आला की डिस्केलिंगवाल्याला (क्षारांचा थर काढणाऱ्याला) बोलवा, पण आम्ल किती वेळ ठेवायचं, नंतर आम्ल मारणाऱ्या अल्कलीने धुवायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. स्वतः बाजारातलं अ‍ॅसिड ओतून केलेल्या सफाईत नळ्यांना भोकं पडलेली आहेत. बंद यंत्रणेत भरण्याच्या पाइपावर एक साधं पाण्याचं मीटर लावा. महिन्याला एखादी बादली ठीक, रोज लागत असेल तर वर लिहिलेलं लाल भांड्याचं प्रकरण आधी तपासा.

तपासण्या

दर आठवड्याला, बर्नर चालू असताना पंप बंद करा. फ्लो स्विचने बर्नर ताबडतोब थांबवला पाहिजे. फ्लोटवाला असेल तर त्याच्या छोट्या डब्याचा ड्रेन उघडा, पाणी उतरताच बर्नर पडला पाहिजे. नाही पडला तर त्या दिवशी बॉयलर बंद, गरम पाण्याची कितीही बोंब झाली तरी.

दर महिन्याला डिझेलच्या बर्नरचा फोटोसेल काढून मुठीत झाका, काही क्षणांत जाळ गेला पाहिजे. गॅसच्या बर्नरवर ही तपासणी तंत्रज्ञाकडूनच. लिमिट थर्मोस्टॅट फिरवता येत असेल तर तो चालू तापमानाच्या खाली आणून बर्नर थांबतो का बघा, मग जागेवर ठेवून रिसेट करा.

सेफ्टी व्हॉल्व्हची तरफही महिन्यातून एकदा. दाब किमान सव्वादोन किलो असताना, पाइपाचं तोंड मोकळं असताना, बाजूला उभं राहून, हातमोजे घालून उचला आणि सोडा. पाणी जोरात यावं आणि सोडल्यावर थांबावं. आलं नाही तर व्हॉल्व्ह चिकटलाय. थांबलं नाही तर बैठकीत कचरा आहे, आणखी एक-दोनदा झटका देऊन बघा. नवा घेताना दाबाबरोबर किलोकॅलरीचा आकडाही बघा, तो बॉयलरच्या क्षमतेपेक्षा जास्त हवा. ठिबक थांबवायला स्प्रिंग आवळायची नाही, वजन टांगायचं नाही.

वहीत रोज एक ओळ: तारीख, थंड दाब, गरम दाब, जाणारं आणि येणारं तापमान, धुराचं तापमान, भरलेलं पाणी, डिझेल, ट्रिप झाला असेल तर कारण. महिनाभराच्या ओळी खाली-वर वाचल्या की बिघाड आधी दिसतो.

महिनाभर बंद ठेवायचा असेल तर

सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं तेव्हा बॉयलर रिकामा करू नका. अर्धा ओला पत्रा हवेत सगळ्यात लवकर गंजतो. पाण्याने भरलेला, हवा काढलेला ठेवा. धुराची बाजू मात्र साफ कोरडी हवी. काजळी पावसाळी हवेतली ओल धरते आणि तिचं आम्ल होतं, कोकणात तर एका पावसाळ्यात पत्र्याला खड्डे पडतात. नळ्या ब्रशने घासा, काजळी काढून टाका, भट्टीत कळीच्या चुन्याचं उघडं भांडं ठेवा, दार लावा, चिमणीचं तोंड झाका. चुना ओल ओढून फुगतो, म्हणून भांडं अर्धंच भरा. इंधनाचा कॉक आणि मेन स्विच बंद करून पॅनलवर पाटी लावा: "आत चुना आहे, चिमणी झाकलेली आहे." पुन्हा सुरू करणारा माणूस दुसराच असू शकतो. त्याने आधी चुना काढावा, चिमणी उघडावी, पक्ष्यांचं घरटं नाही ना बघावं, मगच पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.